एका कानातली बुगडी

पद्माक्काच्या कानात काडी होती. कडुलिंबाची, तांदळाच्या दाण्याएवढी. डाव्या कानाच्या वरच्या पाळीत एक, उजव्या कानाच्या वरच्या पाळीत एक. मी तिचा चेहरा नंतर पाहिला, आधी त्या काड्या पाहिल्या. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, नुकतीच लग्न होऊन आले होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. त्यामुळे मनात म्हटलं, बाई गरीब दिसते.

"बघतीस काय?" ती म्हणाली. "जागा राखून ठेवलीया."

"कशाची?"

"बुगडीची. भोक बुजलं तर पुन्हा कोण टोचणार ह्या वयात?"

हा संवाद झाला तो तिच्या सदलग्याला नाही आणि माझ्या माहेरच्या हिंडलग्यालाही नाही. तो झाला हिमाचलातल्या एका डोंगरी गावात, जिथं देवदाराची झाडं घरांच्या डोक्यावर उभी असतात आणि जिथं मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नसतो. आमच्या निपाणी-चिकोडीकडची माणसं तिथं काय करत होती? सोनं गाळत होती. जुने दागिने वितळवून, त्यातली भेसळ काढून शुद्ध सोनं करून द्यायचं, हा धंदा. त्या कामासाठी आपल्याकडची माणसं कुठल्या कुठल्या मुलखात जाऊन राहिली आहेत. आप्पांनी, म्हणजे पद्माक्काच्या नवऱ्यानं, तिथं दुकान टाकलं होतं आणि आमचे हे त्यांच्या हाताखाली कारागीर होते. खाली दुकान, मागं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. एकीत ती दोघं, एकीत आम्ही.

दुकान उघडलं त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नाही. पहिल्या दिवशी भट्टी रिकामी पेटवायची नाही, असं आप्पांचं मत. मग पद्माक्कानं कानातल्या बुगड्या काढून दिल्या आणि त्या पहिल्या मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, गेल्या. आप्पांनी शब्द दिला, "ह्या दुकानाच्या केरातनं तुझी बुगडी परत करीन."

केरातनं म्हणजे खरंच केरातनं. सोनं गाळताना, घासताना, तोडताना बारीक कण उडतात. ते जमिनीवर पडतात, चटईत बसतात, कारागिराच्या बाह्यांना चिकटतात. म्हणून गाळणाऱ्याच्या दुकानातला केर कधी बाहेर टाकत नाहीत. वर्षभर डब्यात साठवतात आणि गुढीपाडव्याला तो गाळून त्यातलं सोनं काढतात. पण दर वर्षी तो केर दुसऱ्याच कामाला लागायचा. एकदा सदलग्याच्या घराच्या छपराला, एकदा थोरल्याच्या शाळेला. मुलं आज्जीजवळ सदलग्यातच होती. मी गेले त्या वर्षी मात्र पद्माक्कानं दसऱ्यालाच सांगून टाकलं होतं, "औंदाचा केर माझा. कुणी हात लावायचा न्हाय."

हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. "झाडू बाहेरनं आत मारायचा, आतनं बाहेर न्हाय," असंही सांगितलं होतं. पण ती एकवीस वर्षांची शहाणी मास्तरांची मुलगी. शाळेत तिला टापटिपीचं बक्षीस मिळालेलं. ती ऐकताना मान हलवायची आणि मनात दुसरंच काहीतरी चालू असायचं. मी तिला आज भेटले तर कान धरीन.

पद्माक्का अंगानं लहानखुरी होती. थंडीत इरकल लुगड्याखाली आप्पांची लोकरी विजार, वर दोन स्वेटर, डोक्याला मफलर, पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. अशी ती दारात उभी राहिली की रस्त्यावरून जाणारे पहाडी लोक हात जोडायचे, काय समजून ते देव जाणे.

ती जैन. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही. आणि त्या गावात हिवाळ्यात मिळायचं काय, तर बटाटा आणि मुळा-सलगम. तिचं सगळं सदलग्याहून आणलेल्या जोंधळ्याच्या पिठावर, कारळ्याच्या चटणीवर आणि तिथल्या राजम्यावर चालायचं. मी तिच्यासमोर भाकरी खायचे आणि वर खोलीत जाऊन शेगडीवर बटाटे भाजायचे. तिला वास यायचाच. एकदा म्हणाली, "वरच्या उंदराला सांग, साल तरी खाली टाकू नको."

सूर्य मावळल्यावर ती जेवायची नाही. आता गंमत अशी, की त्या गावात सूर्य दुपारी साडेतीनलाच डोंगराआड जायचा. पहिल्या वर्षी बिचारी तीनला जेवून दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहिली. मग तिनं विचार केला. समोरच्या उंच शिखरावर पाच वाजून गेल्यावरही ऊन असायचं. "डोंगरामागं गेला म्हंजे मावळला न्हाय," ती म्हणायची, "लपलाय." तेव्हापासून ती ताट घेऊन खिडकीत बसायची आणि शिखराकडं बघत जेवायची. शिखर गुलाबी झालं की हात आवरता घ्यायचा, राखाडी झालं की चूळ भरायची. आयुष्यात इतक्या सुंदर घड्याळाकडं बघून जेवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

पाणीही गाळूनच. नळ गोठले की आम्ही बर्फ वितळवून वापरायचो, आणि ती वितळलेला बर्फसुद्धा दुहेरी फडक्यातनं गाळायची. मी हसायचे. "आक्का, बर्फात कुठला जीव असणार?"

"तू हाईस की," ती म्हणायची.

पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी मी रडले. रस्ता बंद झाला, पोस्ट बंद झालं, समोरचं दुकान दिसेना. मी बाबांना चार पानी पत्र लिहिलं, त्यात "काळं पाणी" असा शब्द दोनदा होता. टपाल दोन महिने निघणार नव्हतं ही गोष्ट वेगळी. पद्माक्का मागच्या दारातल्या लाकडी पायरीवर बसली होती, मांडीवर वाकळ घेऊन. मला म्हणाली, "ये, हितं बस."

मी बसले. बसल्या बसल्या बोलायला लागले. थंडी किती, दूध कुठून येणार, हे काही बोलतच नाहीत. तिनं बोट वर केलं.

"ऐकलीस?"

"काय?"

"काय न्हाय ते."

मला वाटलं, बाईला थंडी बाधली. खरं म्हणजे सदलग्याच्या घरात ती अठरा माणसांत नांदली होती. जातं, म्हशी, पोरं, दीर, पाहुणे, पहाटेपासून हाका. इथं पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडला आणि तिला जन्मात पहिल्यांदा कुणीच हाक मारली नाही. "मला वाटलं, कान गेलं," ती सांगायची. "मग कळलं, कान हाईत, हाकाच गेल्यात." बाकीचे गाळणारे हिवाळ्यात खाली मैदानात उतरायचे. आप्पाही उतरायचं म्हणत. तीच नाही म्हणायची.

आता माझा पराक्रम सांगते.

पौष लागला होता. आप्पा आणि हे गावातल्या एका लग्नघरी दागिन्यांच्या कामाला गेले होते, पद्माक्का आंघोळीला. मी म्हटलं, आज दुकान चकचकीत करून दाखवू. झाडलं, चटई झटकली, आणि कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा दिसला, केरानं गच्च भरलेला. काजळी, राख, फुटक्या मुशींचे तुकडे. मी म्हटलं, शी. मागं उताराकडं काढलेल्या सज्जात गेले आणि सबंध डबा खाली उपडा केला.

खाली भिंत आणि खडक यांच्यामध्ये एक खळगा होता, बर्फानं भरलेला. पांढऱ्यावर एक काळपट डाग पडला. मला अजून आठवतं, डबा रिकामा झाल्यावर मी तो पालथा करून वर दोन थापासुद्धा मारल्या. टापटीप!

पद्माक्का केस पुसत आली. रिकामा डबा बघितला. माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावरचं ते बक्षीस मिळाल्यासारखं हसू तिनं बघितलं असणारच. मग तिचा हात कानाकडं गेला, काडीकडं. तेव्हा मला आठवलं. औंदाचा केर माझा.

 आता हे मला हिंडलग्याला पोचवणार, बाबा काय म्हणतील, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं आलं. मी रडायच्या तयारीला लागले. ती म्हणाली, "सुम्मन कुंद्रु." रागात किंवा मायेत ती कन्नडवर जायची, आणि तिच्या तोंडी याचा अर्थ एवढाच, की गप बस. "कुठं टाकलीस? बोट दाखव."

मी दाखवलं. ती सज्जातून बराच वेळ खाली बघत राहिली.

"नदीत टाकली असतीस तर गेलं असतं," ती म्हणाली. "बरफात टाकलीस. बरफ काय पळत न्हाय."

मग ती आप्पांची काळी छत्री घेऊन, त्या विजारीवर लुगडं खोचून खळग्यात उतरली आणि डागाच्या मधोमध छत्री रोवून आली. दुपारी पुन्हा बर्फ सुरू झाला. संध्याकाळपर्यंत डाग गायब, नुसती छत्रीची मूठ वर.

"छत्री तिकडं कशापायी?" आप्पांनी विचारलं.

"वाळत घातलीया," पद्माक्का म्हणाली. आप्पा समजूतदार गृहस्थ. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

डबा रिकामा ठेवून चालणार नव्हतं. तिनं त्यात चुलीची राख भरली. राख हलकी, म्हणून तळाला वरवंटा घातला. संक्रांतीला आप्पांनी पूजेसाठी डबा उचलला आणि खुशीत म्हणाले, "औंदा लई जड हाय गं!" मी पदर तोंडात कोंबला. त्यानंतर दोन महिने आम्ही चटणी तांब्याच्या बुडानं ठेचत होतो. आप्पा ताटात बघून म्हणायचे, "चटणी अशी जाडीभरडी का?" आणि पद्माक्का म्हणायची, "थंडीनं."

आणि मग सुरू झालं ते काम. रोज सकाळी पुरुष दुकानात बसले की मी खळग्यात उतरायचे, छत्रीच्या भोवतीचा वरचा पांढरा बर्फ बाजूला काढायचे आणि खालचा काळपट बर्फ हंड्यात भरून आणायचे. तो चुलीवर वितळायचा. पद्माक्का ते पाणी दुहेरी फडक्यातनं पितळी परातीत गाळायची. फडक्यावर खडे, काजळी, मुशीचे तुकडे राहायचे, पण सगळ्यात बारीक कण फडक्यातून खाली जायचे. ते परातीच्या बुडाशी बसू द्यायचे. सोनं जड, ते खाली बसतं. पण पाणी हललं की पुन्हा वर येतं.

म्हणून हलायचं नाही. लाकडी जमीन, एकानं पाय आपटला तरी परातीत लाट यायची. बोलायचंही नाही, कारण मी बोलायला लागले की हात हलायचे, हात हलले की गुडघे हलायचे. "सुम्मन कुंद्रु." एकवीस वर्षांत मला इतका वेळ कुणी गप्प बसवलं नव्हतं.

पहिले आठ दिवस मी नुसती परातीकडं बघत होते. मग मान दुखली म्हणून खिडकीबाहेर बघायला लागले. देवदाराच्या फांदीवर बर्फ साचत साचत जायचा, फांदी वाकत वाकत जायची, आणि मग एकदम सगळा सोडून देऊन ती वर उसळायची. आवाज नाही, नुसता पांढरा धुरळा. मी मनात पैज लावायचे, आता ही फांदी की ती. कुंपणावर एका पाखराच्या पायांची नक्षी उमटलेली असायची, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, आणि मध्येच ती संपायची. तिथून ते उडालं. मला ते कळायला तीन दिवस लागले, आणि कळलं तेव्हा इतका आनंद झाला की परात हलली.

"हालीवलीस," पद्माक्का म्हणाली.

"आक्का, ते पाखरू तिथून उडालं!"

"मग? पोचवायला जाणार हाईस?" पण हसली. मग तिनंही मान वळवून ती नक्षी बघितली, आणि त्या दिवशीचं पाणी आम्ही दोघींनी मिळून बिघडवलं.

बर्फ पांढरा नसतो हे मला तिथं कळलं. सकाळी तो दुधावरच्या सायीसारखा पिवळट, दुपारी डोळे दुखवणारा, आणि सूर्य लपल्यावर निळा. नीळ घातलेल्या धोतरासारखा निळा. माघ संपला तेव्हा मी पुन्हा बाबांना पत्र लिहिलं. त्यात "काळं पाणी" नव्हतं. नुसतं फांदीबद्दल होतं. बाबांना वाटलं असणार, मुलगी वाया गेली.

फाल्गुनाच्या मध्यात छत्री आडवी झाली. खळग्यात फक्त खडक आणि ओला चिखल उरला. आम्ही चिखलसुद्धा खरवडून आणला, तो न गाळता तसाच घेतला. जमलेला गाळ चुलीमागं वाळवला, डब्यातली राख काढली, वरवंटा जागेवर ठेवला आणि गाळ डब्यात भरला. डबा पाऊणच भरला. पद्माक्का त्याच्याकडं बघत राहिली. तिला काय वाटत असेल ते मी विचारलं नाही. तेवढं गप्प बसायला तोवर मी शिकले होते.

पाडव्याला आप्पांनी डबा उघडला. चिमटीत केर घेतला, बोटांनी चोळला, वास घेतला. त्यातून देवदाराची एक सुई निघाली. मग दुसरी.

"पद्मा," आप्पा म्हणाले, "ह्यो केर दुकानातला न्हाय. जंगलातला हाय."

आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. ह्यांना माझ्याबद्दल आधीपासूनच संशय असायचा. मी म्हटलं, "आप्पा, मी टाकला होता. बर्फात." आणि सगळं सांगून टाकलं, वरवंट्यासकट.

 आप्पांनी सोनं वेगळं सुटावं म्हणून केरात टाकणखार मिसळला, मूस भरली आणि भट्टीत ठेवली. आम्ही चौघं भट्टीभोवती बसलो. भाता थांबला. मूस उपडी केली. काळ्या काचेसारखं किटण बाहेर आलं, आप्पांनी ते हातोडीनं फोडलं, आणि आतून एक मणी घरंगळला. पिवळा, गोल, अजून धगधगता.

पद्माक्काचा हात कानातल्या काडीकडं गेला. 

आप्पांनी मणी चिमट्यानं उचलला, फिरवला, डोळे बारीक केले. "दोन्ही न्हाईत हुयाच्या," ते म्हणाले. "एक हुतीया. पुढल्या पाडव्यापातूर थांब, जोडी करू."

"न्हाय," पद्माक्का म्हणाली. "एक तर एक. आत्ता."

"अगं, एका कानात कोण घालतं?"

"मी."

वैशाखात आम्ही सगळे गावी आलो. निपाणीचा सोनार एकच बुगडी करायला तयार होईना. म्हणाला, "आक्का, लोक मला हसतील." ती म्हणाली, "कान माझा, सोनं माझं. तू टाका मार, हसायचं मी बघते." त्यानं केली. उजव्या कानातली काडी तिनं तिथंच, सोनाराच्या पेढीवर काढून ठेवली आणि बुगडी घातली. डाव्या कानातली काडी तशीच. आरशात बघितलं, एकदा ह्या अंगानं, एकदा त्या अंगानं. आणि मग निपाणीच्या बाजारातून अशी चालली की मी मागून पिशव्या घेऊन पळतेय!

सदलग्याच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बायकांनी तिला घेरलं. "अगं पद्मा, दुसरी कुठं पडली?"

"पडली न्हाय," ती म्हणाली. "बरफात ठेवलीया."

पुढच्या पाडव्याला आप्पांनी दुसरीचं सोनं तिच्या हातावर ठेवलं. तिनं परत दिलं. मुलं मोठी झाली, कमावती झाली, थोरल्यानं जोडीच आणून दिली. ती तिनं सुनेला देऊन टाकली. म्हणायची, "ती बाजारची. ही माझी. आणि थोडं बरफालाबी ऱ्हाऊ दे की, म्हैनंच्या म्हैनं संभाळलं न्हाय का त्येनं?" डाव्या कानाचं भोक तिनं हळूहळू बुजू दिलं.

आम्ही पुढं पाच हिवाळे तिथं काढले. मग आप्पा थकले, दुकान दुसऱ्याला दिलं, आणि आम्ही आपापल्या गावी आलो.

गेल्या पौषात मी सदलग्याला गेले. नातीनं गाडीनं सोडलं. सकाळची वेळ, दूधगंगेवरून धुकं वर आलं होतं, ऊस दिसत नव्हता, रस्ता दिसत नव्हता. पद्माक्का अंगणात बाजेवर बसली होती. नव्वदीच्या आसपास असेल. अंगावर वाकळ, डोक्याला मफलर, आणि पायांत, खोटं नाही सांगत, दोन रंगांचे मोजे.

सुनेनं आधीच सांगितलं होतं, "काकू, ओरडून बोला. त्यांना आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही." मला वाईट वाटलं. वाटेत मी ठरवत आले होते, हे बोलायचं, ते बोलायचं. वय झालं तरी मी सुधारले नाही.

तिनं मला लगेच ओळखलं. हात धरून शेजारी बसवलं. समोर धुक्यात शेवग्याचं झाड अर्धं दिसत होतं. मी मोठ्यानं सुरुवात केली, "आक्का, तब्येत..."

तिनं बोट वर केलं. माझ्या ओठांकडं बघून हसली, मग दोन्ही कानांना हात लावला, एक बुगडीचा, एक मोकळा.

"आता बाराही म्हैनं बरफ पडतंय बघ," ती म्हणाली. आवाजात अशी ऐट, जणू तो बर्फ तिनं कमावून आणला होता.

मग माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "सुम्मन कुंद्रु."

मी गप बसले. दोघी धुक्याकडं बघत राहिलो. शेवग्याच्या फांदीवर दव साचत होतं, फांदी वाकत होती. मी मनात पैज लावली.